भुरी आणि सायकल : चौदाव्या महिन्याची नोंद

मंडळी, या आठवड्यात पहिल्यांदा मी सीटवर बसून पायडल मारलं आणि माझी कुत्री भुरी शेजारून दुडक्या चालीने आली. चौदा महिन्यांची झालीय, देशीच, मध्यम चणीची.

एवढी वाट का पाहिली, ते सांगते. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले आमचे शेजारचे काका पहिल्यापासून म्हणत, "पळव की गं तिला, दमली म्हणजे घरात गप्प पडेल." पण पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात, हाड तिथूनच वाढतं, आणि त्या भरून येईपर्यंत नाजूक असतात. मध्यम चणीच्या कुत्र्याला साधारण वर्ष लागतं, लॅब्राडोर, जर्मन शेफर्डला दीड वर्षापर्यंत, ग्रेट डेनला कधी त्याहून जास्त. मोकळं खेळणारं पिल्लू दमलं की बसतं. सायकलला बांधलेल्याला बसता येत नाही, आणि आपल्यामागे यायच्या ओढीने ते दुखत असतानाही पळतं. माझ्या मते हा खरा धोका आहे.

थंडीत सायकल फक्त हाताने ढकलली. मी उजवीकडे, मध्ये सायकल, भुरी डावीकडे रस्त्याच्या कडेला, म्हणजे गाड्या तिच्यापासून लांब. त्याआधी सायकल स्टँडवर लावून चाक फिरवायचे आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचे. फ्रीव्हीलच्या टिकटिकीकडे तिचा एकच कान वळायचा, दुसरा चिकनकडे. "हळू", "थांब" आणि "वळ" हे तीन शब्द तेव्हाच पक्के झाले. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आगेमागे सायकल बाहेर काढलीच नाही. तुटलेला मांजा रस्त्यावर दिसत नाही, पंजाला गुंडाळला तर कातडी चिरतो.

एप्रिल-मे सायकल बंद. वडोदऱ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि कुत्र्याला अंग गार करायला मुख्यतः धापच. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर पंजेही तिथे नकोत.

पावसाळ्यात डॉक्टरांनी पुढच्या पायाचा एक्स-रे काढून कूर्चेच्या पट्ट्या मिटल्याचं दाखवलं, तेव्हा कुठे सायकलला जोडायचा स्प्रिंगचा दांडा घेतला. तो सीटच्या खालच्या नळीला बसवलाय. तिथे हिसका बसला तर माझ्या वजनात जिरतो, हँडलला बसला तर सायकल आडवी होते. दोरी मनगटाला गुंडाळायची तर अजिबात नाही. दांडा जोडायचा तो छातीच्या पट्ट्याला, गळ्याच्या नव्हे. पट्टा वाय आकाराचा हवा, म्हणजे खांदा मोकळा फिरतो. छातीवरून आडवा जाणारा पट्टा पुढचं पाऊल आखडतो.

विश्वामित्रीच्या काठची सावली छान असते, पण नदीत मगरी आहेत आणि पुराच्या दिवसांत वस्तीतही शिरतात. त्यामुळे आम्ही पहाटे पोलो ग्राउंडच्या बाजूला, जिथे पायाखाली माती मिळते तिथे जातो.

वेग तिच्या चालीवरून ठरतो. दुडक्या चालीत पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय बरोबर उचलला जातो, पाठ जवळजवळ सपाट राहते. पाठ वाकून उड्या सुरू झाल्या की मी लगेच ब्रेक लावते. तिची ही चाल ताशी दहा-बारा किलोमीटरला बसते. सुरुवातीला चालणं, शेवटी चालणं, मधला पळायचा तुकडा अगदी लहान, आणि हुंगायला थांबली तर थांबू देते. जीभ टोकाला रुंद होऊन लोंबायला लागली किंवा ती मागे रेंगाळली की त्या दिवशीचं संपलं, मग सायकल ढकलत घरी. पाणी घोट घोट, खाणं धाप पूर्ण बसल्यावर, आणि पोटभर खाऊन तर कधीच पळवत नाही.

पग, बुलडॉग असलेल्यांनी मात्र या वाटेला जाऊच नये, चपट्या नाकाला एवढी हवा पुरत नाही.

आता दिवाळी आलीय. दांड्याला जोडलेली असताना जवळ सुतळी बॉम्ब फुटला तर ती कुठल्या बाजूला उसळेल सांगता येत नाही. म्हणून देवदिवाळी होईपर्यंत पायीच फिरणार, अंतर वाढवायचं ते त्यानंतर.