डिकॉनची लाइन पार करताना

गॅस-टाइट, म्हणजे वायूही आत न शिरणाऱ्या, सूटची चेन ओढू देण्याआधी मी तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेतो. डिकॉनचे, म्हणजे अंगावरचं रसायन धुऊन काढायचे, हौद मांडून झालेत का, होजमध्ये पाणी चढलंय का, आणि सूट घातलेली माणसं ब्रश घेऊन जागेवर उभी आहेत का. यातलं एकही नसेल तर चेन लागत नाही, आतली रसायनाची गळती कितीही मोठी असो. आत कुणी अडकलेला असेल आणि थांबायला वेळच नसेल, तर निदान पाणी भरलेला एक होज आणि तो धरणारा माणूस तरी तयार हवा. आत गेलेला माणूस बाहेर येणारच आहे आणि तो येईल तेव्हा त्याच्या सिलिंडरमध्ये हवा मोजकीच उरलेली असेल. हौद भरेपर्यंत त्याला थांबवून ठेवता येत नाही.

म्हणून डिकॉनचा हिशोब मी हवेपासून सुरू करतो. बीए सेटचा, म्हणजे पाठीवरच्या श्वसनयंत्राचा, ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला (बार हे दाबाचं माप) भरलेला असेल तर त्यात ढोबळ मानाने २,००० लिटर हवा असते. जड सूट, उकाडा आणि हातातलं काम धरता माणूस मिनिटाला ५० लिटर सहज ओढतो, म्हणजे दाबाचा काटा मिनिटाला साधारण साडेसात बारने उतरतो. डिकॉनला १० मिनिटं धरा: ७५ बार. जायला तीन आणि यायला तीन मिनिटं: ४५ बार. हवा संपत आल्याची शिट्टी वाजायची वेळ येऊच नये म्हणून ५५ बार राखीव. हे १७५ बार आधीच खर्ची पडले. उरलेल्या १२५ बारमध्ये कामाला मिळतात सोळा-सतरा मिनिटं. सिलिंडर २७० बारलाच भरलेला निघाला तर तीच बारा-तेरा मिनिटं होतात. काटा १५०वर आला की हातातलं काम सोडून मागे फिरायचं. गॅस-टाइट सूटमध्ये बीए सेट आत असतो, त्यामुळे काटा बघायला एक हात बाहीतून आत ओढून घ्यावा लागतो. हे करायचा सराव नसलेला माणूस काटा बघायचं टाळतो आणि शिट्टीच्या भरवशावर राहतो. शिट्टी वाजली तेव्हा त्याच्याकडे जेमतेम सात मिनिटांची हवा असते, आणि अजून त्याच्या अंगावर पाण्याचा थेंबही पडलेला नसतो.

लाइन, म्हणजे धुण्याच्या जागांची रांग, कुठे आखायची हे वारा आणि उतार ठरवतात. हॉट झोनला (गळतीच्या धोक्याच्या भागाला) लागून घाणेरडं टोक, कोल्ड झोनकडे (सुरक्षित भागाकडे) स्वच्छ टोक, आणि वारा स्वच्छ टोकाकडून घाणेरड्या टोकाकडे वाहायला हवा. स्वच्छ टोक चढावर हवं, म्हणजे सांडलेलं पाणी आपल्याच पायाखाली येत नाही. वारा फिरतो, म्हणून काठीला एक प्लॅस्टिकची पट्टी बांधून ठेवायची आणि एका माणसाला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगायचं. खाली सलग ताडपत्री, तिच्या कडा गुंडाळून केलेला बांध, आणि जवळच्या गटाराचं तोंड आधीच बंद केलेलं. पाणी किती लागेल तेही आधी मोजावं. मिनिटाला ३० लिटरचा शॉवर आणि सगळं मिळून चार मिनिटांचं धुणं धरलं तर माणशी १२० लिटर. दोन मीटर व्यासाच्या, वीतभर खोल हौदात सहाशेच्या आसपास लिटर मावतात. म्हणजे एकाच हौदात धुतलं तर पाचव्या माणसाला तो काठोकाठ भरतो. पंप आणि रिकामे ड्रम आधीच आणून ठेवलेले नसतील तर हे पाणी नंतर जमिनीत मुरतं.

बाहेर आल्यावर सगळ्यांत आधी हत्यारं ठेवायची. पाना, क्लॅम्प, गॅस डिटेक्टर, सगळं घाणेरड्या टोकाच्या ताडपत्रीवर. ती तिथेच राहतात, कारण पुढची जोडी तीच उचलून आत जाणार असते आणि दर फेरीला ती धुण्यात पाणी आणि वेळ दोन्ही जातात. डिटेक्टर आत नेण्यापूर्वीच पारदर्शक पिशवीत गुंडाळून फक्त त्याची हवा ओढायची जागा उघडी ठेवली असेल तर नंतर पिशवी फाडून टाकली की भागतं. जोडीतला ज्याचा काटा खाली, तो पुढे. दुखापत झालेला असेल तर तो सगळ्यांच्या आधी.

पाणी लावण्याआधी एकच प्रश्न: अंगावर काय आहे? सोडियम, पोटॅशियम पाण्याने पेट घेतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडला ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो. कळीचा चुना भिजला की तापतो आणि चिकटून बसतो. अशा वेळी आधी मऊ कोरड्या ब्रशने हलक्या हाताने झाडून घ्यायचं आणि पाणी नंतर, भरपूर, एकदम. फिनॉल थोड्या पाण्याने पसरतो आणि त्वचेत जास्त मुरतो, म्हणून तो आधी पॉलिएथिलीन ग्लायकॉलने पुसतात किंवा मग धो-धो पाणी वापरतात. मधलं काही चालत नाही. कीटकनाशकं तेलकट असतात, त्यांना नुसतं पाणी हलवत नाही, साबण लागतो. क्लोरिनसारखा निव्वळ वायू सूटवर फार राहत नाही, मात्र सूट फाटला किंवा चेन नीट बसली नसेल तर तो आतल्या घामाला भेटून आम्ल तयार करतो. अमोनियालाही ओल हवीच असते. जळजळ काखेत आणि जांघेत आधी होते ती याचमुळे.

साबण म्हणजे भांडी घासायचा साधा द्रवरूप साबण. दहा लिटरच्या बादलीत १०० मिलिलिटर पुरतो. जास्त घातला की फेसाखाली डाग दिसत नाही आणि हौदाचा तळ निसरडा होतो, आणि पूर्ण सूट घातलेला माणूस हौदात पडला तर त्याला उठवताना बाकीचेही माखतात. 'ब्लीच घाला, चांगलं साफ होईल' असं कुणीतरी हमखास सुचवतं. ०.५ टक्के हायपोक्लोराइट, म्हणजे ५ टक्क्यांच्या ब्लीचच्या एका भागाला नऊ भाग पाणी, हे जैविक घाणीसाठी हत्यारांवर वापरायचं असतं. त्याला काम करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. एवढी मिनिटं सिलिंडरमध्ये नसतात. शिवाय ब्लीच आम्लाला भेटलं तर क्लोरिन सुटतो आणि अमोनियाला भेटलं तर क्लोरामाइन. म्हणून माणसावर साबणच.

पहिल्या हौदात पाय ठेवल्यावर नुसता शॉवर, डोक्यापासून खाली. दाब कमी ठेवायचा. ब्रांचमधून (होजच्या तोंडाच्या नळीतून) जोराचा जेट मारला तर रसायन चेनच्या दातांत आणि शिवणीत घुसतं, आणि तुषार धुणाऱ्यांवर उडतात. मग साबण आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश, दोन बाजूंनी दोन माणसं. कडक ब्रश सूटच्या थराला ओरखडे पाडतो. मी हात आडवे पसरून, बोटं फाकवून उभा राहतो आणि सांगितल्याशिवाय हलत नाही. ब्रश पाठीवर आणि छातीवर सगळेच छान फिरवतात, कारण ती मोठी आणि समोर दिसणारी जागा. घाण मात्र तिथे कमी असते. ती असते तळहातावर, बोटांच्या बेचक्यात, काखेत, जांघेत, चेनवरच्या झडपेखाली, गुडघ्यांवर आणि बुटांच्या तळाच्या खाचांत.

सगळ्यांत फसवी जागा म्हणजे मनगट, हातमोजा आणि बाही जिथे जुळतात ती. तिथे वळीसारखी एक घडी असते. डोक्याच्या वर हात करून व्हॉल्व्ह बंद केला असेल तर द्रव ओघळून त्या घडीत साचतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. नंतर सूट उतरवताना हात खाली जातो, घडी उघडते आणि ते चार थेंब आतल्या हातमोज्यावर येतात. म्हणून धुणाऱ्याने घडी बोटाने ओढून उघडायची, शॉवर आत सोडायचा, मग हात एकदा वर, एकदा खाली करायला लावायचा. खांद्याच्या वर काम असेल तर हातमोजा बाहीच्या वर, खाली काम असेल तर बाही हातमोज्याच्या वर, हेही आत जाण्यापूर्वीच ठरतं. टेप लावताना तिचं शेवटचं टोक दुमडून ठेवावं. ओल्या, जाड हातमोज्याने टेपचं टोक शोधण्यात दोन मिनिटं सहज जातात, म्हणजे १५ बार.

दुसऱ्या हौदात स्वच्छ पाणी. बाहेर पाऊल टाकताना एक पाय उचलायचा, तळ धुऊन घ्यायचा, तोच पाय पलीकडे ठेवायचा, मग दुसरा. दोन्ही पाय हौदातच धुऊन नंतर चालत बाहेर येणारा माणूस तळाला हौदातली घाण घेऊनच येतो.

मग तपासणी. आम्ल किंवा अल्कली असेल तर पीएच कागद, पण आधी त्याच कागदाने हौदात ओतायचं कोरं पाणी तपासून ठेवायचं, नाहीतर तुलना कशाशी करणार? सॉल्व्हंट असेल तर पीआयडी, म्हणजे अतिनील दिव्याने वाफ ओळखणारा डिटेक्टर, सूटजवळून सावकाश फिरवायचा. पीआयडीवर शून्य दिसलं म्हणजे सगळं साफ असं समजू नये. त्यातल्या १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दिव्याला क्लोरिन दिसतच नाही. रीडिंग आलं तर परत मागच्या हौदात. दोनदा धुऊनही रीडिंग तसंच राहिलं तर रसायन सूटच्या थरात शिरलेलं असण्याची शक्यता असते. ते ब्रशने निघणार नाही. तो सूट काळजीपूर्वक उतरवून बाजूला काढायचा.

आणि आता उतरवणं. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत जास्तीत जास्त चुका इथे होतात, कारण इथे पोहोचेपर्यंत माणूस दमलेला, घामाने निथळत असलेला आणि सुटकेच्या घाईत असतो. नियम साधा आहे: सूटच्या बाहेरच्या बाजूला मदतनीस हात लावणार, आतल्या बाजूला मी. चेनवरची झडप पुसून कोरडी केल्यावर मदतनीस चेन उघडतो, टोप मागे टाकतो, खांद्यावरून सूट बाहेरच्या अंगाला गुंडाळत खाली आणतो, म्हणजे घाणेरडी बाजू गुंडाळीच्या आत जाते. मी हात आतून सोडवतो, सूटला धरून ओढत नाही. गुडघ्यापर्यंत आला की स्टुलावर बसतो आणि एकेक पाय काढून स्वच्छ चादरीवर ठेवतो. या सगळ्यात मास्क चेहऱ्यावरच, हवा सुरूच. सूट गेल्यावर बीए सेट पाठीवरून उतरवून मदतनिसाच्या हातात, पण श्वास अजून त्याच हवेतून. शेवटी पुढे वाकायचं, मागचे पट्टे सैल करायचे आणि मास्क चेहऱ्यापासून पुढे ओढून काढायचा. त्यानंतर आतले हातमोजे, उलटे करून, एकात एक. मास्क आधी काढून 'जरा मोकळा श्वास' घेणारा माणूस सूटमधून सुटणारी वाफच ओढत असतो.

१९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हे विषारी रसायन सोडलं गेलं, तेव्हा रुग्णांना तसंच, कपड्यांसकट उचलून नेलं गेलं. त्यांच्या कपड्यांतून सुटणाऱ्या वाफेने रुग्णवाहिकांतल्या आणि इस्पितळातल्या लोकांना त्रास झाला. बाधित माणसाचे बाहेरचे कपडे काढले की घाणीचा मोठा हिस्सा तिथेच निघतो. पाणी यायला उशीर होणार असेल तर कपडे काढून, दाहक नसलेला द्रव टिपकागदाने किंवा कोरड्या फडक्याने आधी टिपून घ्यावा, चोळू नये.

लाइनमध्ये कुणी कोसळला तर हे सगळं बाजूला. भरपूर पाणी अर्धं-एक मिनिट, मग सूट टोपापासून खाली समोरून कापायचा, दोन्ही पाखं बाहेरच्या अंगाला उलटायची आणि माणूस उचलून बाहेर घ्यायचा. तोपर्यंत त्याचा मास्क काढायचा नाही. मास्कची हवा संपली असेल तर मात्र सगळ्यांत आधी तोंड मोकळं करायचं. कात्री लाइनमध्ये दिसेल अशी टांगलेली हवी, पेटीत नको.

मग कोमट पाण्याची अंघोळ. गरम पाणी नको, त्याने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो. मान, कानांमागे, नखं नीट. हायड्रोफ्लोरिक आम्लाचं काम असेल तर २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आधीच आणून ठेवलेलं असावं. त्याची जळजळ कधीकधी काही तासांनी जाणवते आणि तोवर ते खोल गेलेलं असतं. चामड्याचा पट्टा, घड्याळाचा पट्टा, पाकीट आत नेऊच नये. चामड्यात शिरलेलं रसायन धुऊन निघत नाही.

नाडी, रक्तदाब आणि तापमान आत जाण्यापूर्वी नोंदवलेलं असतं, त्याच्याशी आता ताडून बघतात. चक्कर आणि मळमळ उष्णतेनेही होते आणि विषानेही. कीटकनाशकाचं काम असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या बघाव्यात. त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या असतील आणि लाळ सुटत असेल तर हा उन्हाचा त्रास नव्हे, लगेच डॉक्टरकडे. फॉस्जीन किंवा नायट्रोजन डायऑक्साइड छातीत गेला असेल तर माणूस काही तास ठणठणीत दिसतो आणि नंतर फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणून रसायनाचं नाव, आत किती मिनिटं होतो आणि सूट कुठे फाटला होता का, हे लिहिलेला कागद मी घरी जाताना सोबत ठेवतो आणि घरातल्या माणसाला दाखवतो.

लाइन मोडताना घाणेरड्या टोकाची माणसं आधी बाहेर येतात. प्रत्येक जण पुढच्या जागेवरच्या माणसाकडून धुऊन घेतो, आणि स्वच्छ टोकाला उभा असलेला सर्वांत शेवटी. हौदातलं पाणी ड्रममध्ये, गुंडाळलेले सूट दोन पिशव्यांत, एकात एक, आणि प्रत्येक पिशवीवर रसायनाचं नाव, तारीख, वापरणाऱ्याचं नाव. ब्रश, टेपचे तुकडे आणि टिपकागद त्याच ढिगात. होजची बाहेरची बाजूही पुसायची राहून जाते. ती गाडीत गुंडाळण्याआधी पुसावी, कारण पुढच्या कॉलला ती कुणीतरी उघड्या हाताने ओढणार आहे.