शिवायला जागा

बाबांची पडशी घरीच ठेवायची हे मी आधीच ठरवलं होतं. माझ्याकडे नवी सॅक होती, चाळीस लिटरची. आत नळीतून पाणी ओढायची पिशवी, झोपायची बॅग आठशे ग्रॅमची, बूट त्याहून हलके. पुण्यात तीन आठवडे रात्री जागून, लोकांची मतं वाचून एकेक वस्तू निवडली होती. बाबांचे गुडघे गेल्या वर्षीच संपले. "यंदा वारीत घरातलं कुणीतरी चालायला पाहिजे," एवढंच ते फोनवर म्हणाले होते, आणि मी हो म्हणून बसले.

निघायच्या पहाटे सोलापूरला, साखर पेठेतल्या घराच्या उंबऱ्यात त्यांनी दोन वस्तू पुढे केल्या. फिरकीचा तांब्या आणि चादर. चादर आपली सोलापुरी, अस्सल सुती. दोन किलोंच्या खाली नसणार.

"बाबा, एवढं ओझं?"

"झाकण आधी अर्धा फेरा उलटं फिरवायचं, मग आटे धरतात," ते म्हणाले.

दोन्ही वस्तू सॅकमध्ये कोंबल्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सगळ्यांत वर, कारण ते मात्र मी स्वतःहून मागून घेतलं होतं.

आमची दिंडी लहान, चाळीसएक माणसं. देगाव मागे पडेपर्यंत मजा वाटत होती. मग ऊन चढलं. आषाढ पावसाळ्यात येतो हे सोलापूरकराला कॅलेंडरच सांगतं. तिऱ्ह्याचा मुक्काम आणि कामतीचा मुक्काम माझ्या डोक्यात आता एकच झालेत. टँकरखालची रांग, शाळेची फरशी, कुणाचं तरी घोरणं, पहाटे काकड्याला उठवणारा विणेकरी मामांचा खणखणीत आवाज. त्या आवाजाचा मला दोन्ही दिवस भयंकर राग आला. एका संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला आणि पंचवीस वर्षांत न म्हटलेल्या ओळी माझ्या तोंडातून आपोआप यायला लागल्या, पुढची ओळ आठवायचीही गरज पडेना. घसा दाटला. तेवढ्यात मागच्या टाळकऱ्याने माझ्या टाचेवर पाय दिला.

झोपायची बॅग पहिल्याच रात्री निकालात निघाली. आत शिरले की कागदासारखी खसखस, वर घामाची आंघोळ. शेजारी आत्या. माझी सख्खी नव्हे, दिंडीची आत्या, बाबांबरोबर वीसेक वाऱ्या केलेली. ती अंधारातच म्हणाली, "पोत्यात शिरायलीस का गं?" बॅगेची चेन अडकली ती अडकलीच. शेवटी मी सापासारखी कात टाकून बाहेर आले आणि चादर काढली. अर्धी खाली, अर्धी वर. घाम टिपला गेला आणि पहाटेचा गारवाही लागला नाही.

या चादरीबद्दल थोडं सांगते, कारण त्या रात्री झोप येईपर्यंत मी तिच्यावरून हात फिरवत होते. तिची नक्षी छापलेली नसते. जॅकार्ड मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे एकामागून एक फिरतात, तसे ताण्याचे उभे धागे उचलले जातात आणि नक्षी विणतानाच उमटते. म्हणून तिला उलटी बाजू अशी नसते, पलटली की फक्त रंगांची अदलाबदल होते. आमच्या गल्लीत पद्मशाली विणकरांची घरं. त्या खडखडाटात आम्ही अभ्यास केला, आणि सुट्टीच्या दिवशी माग थांबले की उलट झोप यायची नाही. शहरात पहिली कापड गिरणी १८७७ साली आली, ती गेली, पाठोपाठ बाकीच्याही गेल्या. माग राहिले. चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा पेठेत अभिमान आहे, आणि तरीही बाहेरचा बुळबुळीत माल 'सोलापुरी' म्हणून स्टँडवर बिनदिक्कत विकला जातो. आमची ही चादर माझ्या दहावीच्या वर्षीची. आई म्हणायची, नवी चादर टोचते, दहा धुण्यांनंतर ती घरची होते.

कामती सोडल्यानंतरची ती दुपार.

उजव्या टाचेला फोड सकाळीच आला होता. डाव्या अंगठ्याखाली दुसरा. चाललं की आत काहीतरी सरकायचं, थांबलं की ठणकायचं. मी सगळ्यांवर चिडले होते. पुढे लाऊडस्पीकर लावून चाललेल्या ट्रकवर, मधेच थांबून मोबाईलवर बोलणाऱ्या काकांवर, "माउली, चला, चला" म्हणणाऱ्या चोपदारावर. अशात उजव्या बुटाने तोंड उघडलं. तळ पुढच्या बाजूने सुटला आणि पावलागणिक फटक, फटक. पखवाजाच्या ठेक्यात बसत नव्हतं ते.

रस्त्याकडेच्या लिंबाखाली गोणपाटावर एक चर्मकार बसले होते. पुढे वहाणांचा ढीग, सात-आठ माणसं उकिडवी. वारकऱ्यांचं काम फुकट, हे त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं, पण कुणी खिशात हात घातला की ते मान हलवायचे. माझा बूट हातात घेऊन त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी वाकवला, वास घेतला.

"कितीला?"

मी अर्धीच किंमत सांगितली.

"चिकटवलाय नुसता. शिवायला जागाच ठिवली नाही ओ ताई. मोडल्यावर टाकूनच द्यायचा असा केलाय." त्यात टीका नव्हती, निदान होतं. मग म्हणाले, "बसा. येळ लागंल."

वेळ लागला. माझ्या आधीच्यांचे अंगठे, पट्टे, टाचा. एका म्हाताऱ्याच्या वहाणेचा तळ टायरचा होता, पट्टा तिसऱ्यांदा बदलत होते. प्रत्येक जुन्या टाक्याशेजारी नव्या टाक्याला जागा होती. आरी आत, मेण लावलेला दोरा बाहेर, खेच. मला त्यांनी छत्री धरायला लावली, स्वतःच्या डोक्यावर नव्हे, रापीवर सावली पडेल अशी. "पातं तापलं की हाताला लागतंय." अर्धा तास मी रापीची छत्री धरून उभी होते. दिंडी पुढे निघून गेली. मला रडू येत होतं आणि ते दिंडीसाठी होतं की पायासाठी, कळत नव्हतं.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी आधी बुटातली गादी उपसून काढली. मऊ, निळी, जेलची, वेगळी विकत घेतलेली, नऊशे रुपयांची.

"ही सरकायलीय म्हणून फोड आलाय," ते म्हणाले, आणि मला न विचारता रापीने तिचे तुकडे केले. एक तुकडा शेजारी बसलेल्या आजींच्या चपलेच्या टाचेखाली गेला, दुसरा त्यांच्या सोबतिणीच्या. माझ्या तोंडून "अहो" निघालं. आजी उठून दोन पावलं चालल्या आणि लहान पोरीसारख्या हसल्या, "गादीवर चालल्यावानी वाटायलंय की!" मी अजून नऊशे रुपयांतच होते. खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी तळ कडेने, बाहेरूनच, जाड दोऱ्याने शिवला. जिथे जागा नव्हती तिथे आरीने केली. काळ्या बुटावर पांढरे, तिरके, ठसठशीत टाके. फोडाला हात न लावता त्यांनी गोटीभर कापूस पुढे केला, "ह्यो ठिवा टाचंला. माचणुरापातूर जातंय." माझ्या तांब्याकडे बोट केलं, पाणी मागितलं. मी झाकण सरळ फिरवत बसले. त्यांनी तांब्या घेतला, अर्धा फेरा उलटा दिला, आणि उघडला.

माचणूरला भीमेत पाय सोडून बसले तेव्हा कुणी औरंगजेबाच्या छावणीचं सांगत होतं, मी ऐकलं नाही. मंगळवेढ्यात दामाजीपंतांच्या मंदिरात गर्दी, चोखोबांपुढे कमी. भाकरी मालदांडीची होती, ती मात्र नीट आठवते.

पंढरपुरात रांग बघून आम्ही कळसालाच हात जोडले. आत्याने ते जराही कमी मानलं नाही, मला चुटपुट लागली.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ बसले. टाके शाबूत होते. मोठ्या थाटात तांब्या काढला, अर्धा फेरा उलटा, मग सुलटा, आणि आत्यापुढे धरला. तिने नाक मुरडलं.

"नको बाई. पितळंचा वास येतोय त्याला. तुझ्या बापाला सांगून सांगून दमले मी, कल्हई कर म्हणून." आणि माझ्या सॅकमधली ती नळी ओढून तिने पोटभर पाणी प्यायलं. मोहोळच्या पुढेपर्यंत नळी तिच्याच हातात होती.