तुम्ही विचारलंत म्हणून: गणितावरचं पहिलं पुस्तक कोणतं?

"शाळा सुटली आणि गणितही सुटलं. आता गोडीनं वाचता येईल असं गणितावरचं काही सुचवा ना!" तुम्ही हे वारंवार विचारता. माझं उत्तर ठरलेलं आहे: ज्या पुस्तकात निदान एक गणित शेवटपर्यंत करून दाखवलंय, ते घ्या. गणितज्ञांच्या लहरीपणाचे किस्से रंगतात खरे, पण त्यातून गणित हाती लागत नाही. पुस्तक चाळताना एखादी आकडेमोड शोधा, ती कागदावर स्वतः करून बघा. जमली, तर पुस्तक खुशाल घ्या.

कादंबरी हवी असेल तर योको ओगावा यांची 'द हाउसकीपर अँड द प्रोफेसर'. मूळ जपानी, २००३ ची. ८० मिनिटांपलीकडचं नवं काही लक्षात न राहणारे प्राध्यापक, त्यांच्याकडे घरकामाला येणारी बाई आणि तिचा मुलगा. बाईंचा वाढदिवस २० फेब्रुवारी, म्हणजे २२०. प्राध्यापकांच्या घड्याळावर कोरलेला आकडा २८४. आता पेन्सिल घ्या. २२० चे विभाजक, खुद्द २२० सोडून: १, २, ४, ५, १०, ११, २०, २२, ४४, ५५, ११०. बेरीज २८४. मग २८४ चे: १, २, ४, ७१, १४२. बेरीज २२०! ही बेरीज न करता पान उलटलंत, तर त्या दोघांमध्ये काय जुळलं ते कळणारच नाही.

कथेबाहेरचं हवं असेल तर सायमन सिंग यांचं 'फर्माज लास्ट थिअरम' (१९९७). फर्मा या गणितज्ञांनी मांडलेलं एक विधान शतकानुशतकं कुणालाच सिद्ध करता आलं नव्हतं. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी १९९३ मध्ये त्याची सिद्धता जाहीर केली, तिच्यात खोट निघाली आणि १९९४ मध्ये ती दुरुस्त झाली. हा भाग खाली ठेववत नाही. ती सिद्धता मात्र पुस्तकात नाही, असणं शक्यही नाही. म्हणून शेवटची परिशिष्टं वगळू नका, छोट्या सिद्धता तिथे आहेत.

इंग्लिश गणितज्ञ जी. एच. हार्डी यांचं 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' (१९४०) छोटं आहे, पण सूर उदास. बारावा विभाग सावकाश वाचा. मूळ संख्या संपत नाहीत, ही युक्लिडची सिद्धता तिथे आहे: सगळ्या ज्ञात मूळ संख्यांचा गुणाकार करा, त्यात १ मिळवा. बरेच जण इथे घसरतात. आलेली संख्या मूळच असते असं त्यांना वाटतं. २×३×५+१ = ३१, ही मूळ आहे; पण २×३×५×७×११×१३+१ = ३००३१, आणि ती ५९×५०९. मुद्दा एवढाच की आलेल्या संख्येचा कोणताही मूळ विभाजक आधीच्या यादीत सापडत नाही.

डग्लस हॉफस्टॅटर यांचं 'गोडेल, एशर, बाख' (१९७९) पहिलं म्हणून घेऊ नका. सातशेहून जास्त पानं आहेत आणि सुरुवातीची कोडी हातानं सोडवली नाहीत तर पुढचं सगळं अधांतरी राहतं.

वाचण्याचा वेग हीसुद्धा अडचण असते. कादंबरीच्या वेगानं सिद्धता वाचली की डोकं गरगरतं, आणि माणूस आपल्यालाच 'ढ' ठरवतो. तसं काही नसतं. सिद्धतेच्या एका पानाला अर्धा तास लागला तरी लागू द्या. अडलात तर खूण करून पुढे जा, प्रकरण संपलं की मागे या.

एवढ्यानं भूक वाढली, तर कूरांट आणि रॉबिन्स यांचं 'व्हॉट इज मॅथेमॅटिक्स?' (१९४१) आणा. पहिल्या प्रकरणापासून, नैसर्गिक संख्यांपासून सुरू करा. त्यातले स्वाध्याय मात्र सोडू नका.