दुभाषे असतात, मग अडचण कसली?

इंटरनेटच्या कारभाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय चर्चांमध्ये मी भाग घेते हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो: तिथे दुभाषे असतात, हेडफोन लावला की झालं, मग भाषेची तक्रार कसली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुभाषे असतात आणि ते थक्क करणारं काम करतात. नुसत्या आद्याक्षरांनी ठासून भरलेली वाक्यं ऐकता ऐकता दुसऱ्या भाषेत बोलणं ही चेष्टा नाही. डोमेन नावांची, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांची, व्यवस्था सांभाळणाऱ्या आयकॅनच्या मोठ्या बैठकांत संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत ही सोय असते: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. 2006 साली अथेन्सला सुरू झालेल्या इंटरनेट गव्हर्नन्स फोरम या संयुक्त राष्ट्रांच्या चर्चामंचाच्या मुख्य सत्रांतही असते. छोट्या कार्यशाळा मात्र बहुतेक इंग्रजीतच उरकतात. हिंदी, बंगाली, स्वाहिली बोलणारे कोट्यवधी लोक या सहांत बसत नाहीत, मराठीचं तर नावच नको. पण तेही सोडा. ज्यांची भाषा यादीत आहे, तेसुद्धा माइक हातात आला की अनेकदा इंग्रजीतच बोलतात. आपलं म्हणणं दुभाष्यामार्फत थोडं उशिरा आणि थोडं पातळ होऊन पोहोचेल, ही धास्ती असते.

आणि सभागृहात तसं फार थोडं ठरतं. ठरतं ते मसुद्यात. आयकॅनच्या प्रस्तावांवर जाहीर अभिप्रायासाठी साधारण 40 दिवस मिळतात. मसुदा लांबलचक, इंग्रजीतला, त्यातली अर्धी भाषा वकिली. ज्यांची ती मातृभाषा आहे ते आक्षेप लिहून मोकळे होतात, तोवर बाकीचे तिसऱ्या प्रकरणात अडकलेले असतात. मग कुणीतरी पर्यायी परिच्छेद सुचवतो आणि पुढची सगळी चर्चा त्या परिच्छेदाभोवतीच फिरते.

मतदान फारसं होतच नाही. इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये ‘रफ कन्सेन्सस’, म्हणजे ढोबळ सहमती, पाहतात. गटाचा कल समजावा म्हणून अध्यक्ष लोकांना चक्क गुणगुणायला सांगतात. गुणगुणायला भाषा लागत नाही हे खरं, पण कशासाठी गुणगुणायचं ते तेवढ्यात कळावं लागतं! इतर ठिकाणी अध्यक्ष विचारतात, ‘कुणाचा आक्षेप?’ काही सेकंद शांतता, आणि मुद्दा मंजूर. मनातल्या मनात वाक्य जुळवणारा माणूस त्या सेकंदांत गप्प असतो, आणि त्याचं गप्प बसणं होकारात जमा होतं. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. उच्चारांवरून पिकणारा हशा त्यापुढे किरकोळ.

याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. डोमेन नावात मुळात रोमन अक्षरं, अंक आणि छोटी आडवी रेघ एवढंच चालायचं. इतर लिप्यांसाठीची मानकं 2003 साली आली, आणि देशांची अरबी व रशियन लिपीतली पहिली डोमेन 2010 मध्ये सुरू झाली. आजही अनेक संकेतस्थळांचे फॉर्म अशा लिपीतला ई-मेल पत्ता चुकीचा म्हणून परत करतात. देवनागरी नावांचे नियम ठरवताना ‘दऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’ यांतल्या अर्ध्या ‘र’ची वेगळी व्यवस्था करावी लागली. त्याची गरज मराठी वाचणाऱ्याला एका नजरेत कळते. प्रस्तावात मात्र ती इंग्रजीत समजावून द्यावी लागते. ज्या लिपीचा जाणकार इंग्रजीत असं समजावू शकत नाही, तिचं काय होत असेल?

‘मग इंग्रजी काढून टाकायची का?’ हा पुढचा प्रश्न. नाही. एक सामाईक भाषा हवीच, आणि तीच आता रुळली आहे. माझी मागणी साधी आहे: अभिप्रायाचे दिवस मसुद्याचा अनुवाद प्रसिद्ध झाल्यापासून मोजा, आणि बैठकीत कुणी बोललं नाही म्हणून मुद्दा त्याच दिवशी मिटवू नका, लेखी उत्तराला आठवडाभर द्या. यावर नेहमीचं उत्तर येतं की कामाला उशीर होईल. उशीर होईलच. आत्ताही होतोच आहे, फक्त तो वक्त्यांना सोसावा लागत नाही.