मृगापासून मागे मोजा: परड्यातला उन्हाळी भाजीपाला

परड्यात काय लावायचं हे ठरवण्याआधी कॅलेंडर काढा आणि 7 जूनवर खूण करा. त्या सुमारास मृग लागतो. बेळगाव-खानापूर पट्ट्यात एकदा झड बसली की काकडी, दोडका, टोमॅटो यांचे दिवस भरले म्हणून समजा. वेलांवर केवडा रोग येतो, टोमॅटोवर करपा, आणि आठवड्याभरात हिरवा मांडव पिवळा पडतो. म्हणून सीमाभागातली उन्हाळी बाग मृगापासून मागे मोजत आखावी.

दोडक्याचा पहिला तोडा बी टोकल्यापासून 55 ते 60 दिवसांनी येतो. 1 मार्चला टोकला तर एप्रिलअखेरीस सुरू होऊन मृगापर्यंत पाच-सहा आठवडे चालतो. एप्रिलच्या मध्यावर टोकला तर मांडव भरतो तेव्हा पाऊस दारात असतो. भेंडी आणि काकडी 45 ते 50 दिवसांत येतात, त्यांना मार्चअखेरपर्यंत मुभा आहे. टोमॅटोचं गणित लांब: रोप तयार व्हायला 25 ते 30 दिवस, लावणीनंतर पहिल्या तोड्याला 65 ते 70 दिवस, पुढे महिनाभर तोडे. म्हणजे बी जानेवारीच्या शेवटी पडायलाच हवं. वांगी, मिरची पावसातही तग धरतात, त्यांची एवढी घाई नाही. मात्र भेंडी आणि वेल फार लवकरही टोकू नयेत. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते. तोवर रात्रीच्या गारव्यात बी उगवायला वेळ लावतं आणि ओल्या मातीत कुजतं.

जागा निवडताना डिसेंबरातली सावली बघून फसू नका. बेळगावावर सूर्य मेच्या पहिल्या आठवड्यात अगदी डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराला काठी उभी केली तर सावली तिच्या बुडाशीच असते. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. त्यामुळे घराच्या उत्तरेची, थंडीत सावलीत असणारी जागा मे महिन्यात उन्हात तापते. दोडक्या-कारल्याचा मांडव परड्याच्या पश्चिमेला घातला तर दुपारनंतरची सावली कोथिंबीर, पोकळा, पालक यांच्या वाफ्यांवर येते. एप्रिलच्या उन्हात उघड्यावरची कोथिंबीर पानं धरायच्या आत फुलावर जाते.

मांडवाचे खांब दीड ते दोन फूट जमिनीत गाडा. वळवाचा वारा पानांनी भरलेला मांडव शिडासारखा ओढतो, आणि खांब एकदा हलला की मुळं तुटून अख्खा वेल दोन दिवसांत माना टाकतो.

आता वाफा. गादीवाफा करा असं सगळीकडे सांगतात, पण आपल्याकडे फेब्रुवारीत गादीवाफा केला तर पाणी कडेने उतरून जातं. आधी उलटं करा: तीन फूट रुंद, दहा फूट लांब वाफा जमिनीपेक्षा चार बोटं खोल ठेवा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दोन वाफ्यांमधल्या वाटेची माती ओढून झाडांना भर लावा. वाफा उंच होतो, वाट खोल होते आणि तीच पावसाचं पाणी काढून देणारी चर बनते. या एका कामावर वांगी-मिरची पावसाळ्यात जगतात की मुळं कुजून मरतात ते ठरतं.

तेवढ्या वाफ्याला दोन बुट्ट्या चांगलं कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड घाला. ओलं शेण घालू नका, मुळं खाणारी हुमणी अळी त्यातच वाढते. बेळगाव-खानापूरकडची तांबडी माती बहुधा आम्ल असते. माती तपासून तशी निघाली तर चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅम शेतीचा चुना घाला, पण शेणखताच्या पंधरा-वीस दिवस आधी. दोन्ही एकदम घातलं तर खतातलं नत्र वासावाटे उडून जातं. अथणी, रायबाग, चिकोडीच्या काळ्या मातीला चुना नको. तिथे धुण्याचं पाणीही वाफ्यात सोडू नका. पावडरीतल्या सोड्याने काळी माती चिकट होते आणि पाणी मुरेनासं होतं.

एप्रिलमध्ये एका वाफ्याला दिवसाकाठी सरासरी 15 ते 20 लिटर पाणी लागतं. तांबड्या मातीत रोज, काळ्यात तिसऱ्या दिवशी, तेही सकाळी. वर दोन-तीन इंच उसाचं पाचट किंवा भाताचं पिंजर पसरा, खोडापासून चार बोटं लांब.

बियांच्या पाकिटावर बऱ्याचदा कन्नडच असतं: बेंडेकाई म्हणजे भेंडी, हिरेकाई दोडका, हागलकाई कारलं, सौतेकाई काकडी. भेंडीचं बी रात्रभर भिजवून एक इंच खोल, फुटाफुटावर टोका. चार माणसांच्या घराला 40 झाडं लागतात. वीसच लावली तर एका वेळची भाजी जमेपर्यंत आधीच्या शेंगा जून होतात. टोकल्यावर वळीव झाला तर दुसऱ्या दिवशी मातीची पापडी खुरप्याने हलकेच फोडा, नाहीतर कोंब खालीच मोडतो.

वेलाला पहिले आठ-दहा दिवस नुसती नर फुलं येतात, घाबरू नका. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, घोसाळ्याचं सकाळी. हाताने परागीकरण करायचं तर वेळ त्याप्रमाणे धरा. कोवळं फळ वाकडं होऊन पिवळं पडलं तर त्यात फळमाशीने अंडी घातली असणार. गळलेलं फळ उकिरड्यावर टाकू नका, दोन फूट खोल पुरा. क्यू ल्यूरचा (नर फळमाशीला ओढणाऱ्या वासाच्या आमिषाचा) सापळा फुलं लागतानाच टांगा.

टोमॅटो किंवा वांग्याचं हिरवंगार झाड भर दुपारी एकाएकी सुकलं आणि रात्रीतही सावरलं नाही, तर बुडाजवळ खोड कापून तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लटकता धरा. दोन-चार मिनिटांत कापातून दुधासारखी पांढरी धार उतरली तर ती जिवाणूजन्य मर. यावर औषध शोधत पैसे घालवू नका. झाड मुळासकट काढून जाळा आणि तीन वर्षं तिथे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांतलं काहीही लावू नका. टोमॅटोच लावायचा तर दुसऱ्या जागी अर्का रक्षक लावा. तो या रोगाला आणि पर्णगुच्छाला (पानं आकसून वळण्याच्या रोगाला) बराच टिकतो, पण संकरित आहे, त्याचं बी धरून उपयोग नाही.

बी धरायचं ते जवारी, म्हणजे गावठी वाणाचं. दोडक्याच्या तिसऱ्या-चौथ्या तोड्यातलं एक सरळ, निरोगी फळ वेलावरच सोडा आणि त्याला दोरा बांधून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी तोडणार नाही. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की उतरवा. हे मृगाआधी झालं पाहिजे, कारण पावसात वाळणाऱ्या फळात बुरशी शिरते. बिया काढून सावलीत वाळवा, चुलीच्या राखेत घोळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरून वर पेरणीचं वर्ष लिहा.