ईसीजीचा रोल आणि मिरजेची फेरी

सांगलीत आमच्या छोट्या हॉस्पिटलात केसपेपर कॉम्प्युटरवर गेले, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर जातात. फक्त ईसीजी मशीनला हे कुणी सांगितलेलं नाही. त्याला कागद लागतोच.

काल शेवटचा रोल संपला. ऑनलाइन मागवलेला खोका फोडला, रोल बसवला, तर पट्टी बाहेर आली कोरी! मशीनच गेलं की काय म्हणून पोटात गोळा. मग सिस्टरनी कागदावर नखाने ओरखडा काढला. थर्मल कागदाला शाई नसते; लेप असतो, तोही एकाच बाजूला. उष्णता लागली की तिथं काळं उमटतं, नख जोरात ओढलं तरी. काळी रेघ आली, पण मागच्या बाजूला. अख्खा खोका उलटा गुंडाळलेला.

म्हणून आज भर उन्हात मिरज. दुकानात काकांनी विचारलं, "पन्नास मिमी रुंदीचा का ऐंशीचा? ऐंशीचे आता कमीच ठेवतो, मोठ्या हॉस्पिटलांनी ए-फोरवाली मशीनं घेतली." दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे मी काउंटरवरच फुटपट्टी लावली. कागदावर छापलेले दहा मोठे चौकोन बरोबर 50 मिमी भरायला हवेत. कागद सेकंदाला 25 मिमी पळतो, म्हणजे एक मिमीचा बारका चौकोन 0.04 सेकंदाचा. छपाईच चुकली तर ठोक्यांचा हिशोब कशावर लावायचा?

"सोनं घेताय काय?" काका म्हणाले. सहा रोल घेतले.

ते उलटे रोल अजून टेबलावरच पडलेत. परत पाठवायचे तर बिलाची प्रिंट काढून खोक्यावर चिकटवा म्हणतात.