वसईचा दुभाष्या

स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं तेव्हा एकच विषय डोळ्यांसमोर आला: जपानमध्ये क्रूसावर हौतात्म्य पत्करलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया. वसईत त्यांच्यावर भाषणं पुष्कळ होतात. पण बहुतेक भाषणं क्रूसापासून सुरू होऊन क्रूसापाशीच संपतात. त्यांनी आयुष्यभर केलेलं काम मागेच राहतं, आणि आजच्या विद्यार्थ्यांना खरं तर ते काम समजायला हवं.

जन्म १५५६ च्या सुमारास, वसईत. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. शिक्षण किल्ल्यातल्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंकडे झालं. साधारण पंधराव्या वर्षी, म्हणजे आजच्या दहावीच्या वयात, ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथं धर्मशिक्षक म्हणून काही वर्षं काम करताना त्यांनी जपानी अशी आत्मसात केली की लोकांशी थेट बोलू लागले. जेझुइट संघात प्रवेश मात्र मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला, जम बसवला आणि तो सोडून फिलिपिन्समधल्या मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात ब्रदर झाले. ते धर्मगुरू नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. मिस्सा, म्हणजे धर्मगुरूच करू शकतो ती चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करणं त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणून फादर पेद्रो बाउतिस्ता जपानला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो सोबत होते. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याची भेट क्यूशू बेटावरच्या नागोया इथल्या लष्करी तळावर झाली (आजचं मोठं नागोया शहर वेगळं). १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढलेला हा सत्ताधीश, आणि फिलिपिन्सने आपलं मांडलिकत्व पत्करावं ही त्याची मागणी. अशा दरबारात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी सगळं फिसकटलं असतं. तरीही त्यांना क्योटोत राहायला परवानगी आणि जागा मिळाली. तिथं चर्च, मठ आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं उभी राहिली.

घात झाला तो एका जहाजामुळे. मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं 'सान फेलिपे' वादळात सापडून ऑक्टोबर १५९६ मध्ये जपानमधल्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलं. त्यावरचा मौल्यवान माल जप्त झाला. आधी मिशनरी पाठवायचे आणि मागून सैन्य, असं जहाजावरच्या कुणीतरी बोलून गेल्याचं सांगतात. संशयाला निमित्त मिळालं आणि डिसेंबरात मिशनरी आणि त्यांच्या साथीदारांची धरपकड झाली.

३ जानेवारी १५९७ ला क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला. नाक आणि दोन्ही कान कापायचा हुकूम होता; तो तेवढ्यावर आणला गेला. मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत जवळजवळ महिनाभराची वाटचाल. निघताना चोवीस जण होते. वाटेत त्यांची सेवा करायला आलेल्या दोघांनाही धरलं, म्हणून सव्वीस.

५ फेब्रुवारीला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रूस आडवे मांडून ठेवले होते. आपल्याकडच्या चित्रांत खिळे दाखवतात, पण तिथे खिळे नव्हते. हात, पाय आणि मान लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी जखडली जाई. पायांसाठी खाली आणखी एक आडवी पट्टी आणि मध्ये बसायला छोटा खुंटा. मग क्रूस उभा करून खड्ड्यात रोवायचा. दोन भालेकरी दोन्ही बाजूंनी बरगड्यांखालून खांद्याच्या दिशेने भाले खुपसत, म्हणून मरण लवकर येई. त्या रांगेत बारा वर्षांचा लुई इबाराकी होता, मेक्सिकोचे तरुण फेलिपे होते आणि चाळिशीतले आपले गोन्सालो होते.

१६२७ मध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) आणि ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी संत घोषित केलं. चर्चच्या सर्वसाधारण रोमन कॅलेंडरमध्ये त्यांचं नाव शोधणाऱ्या मुलांची मात्र फसगत होते, कारण ६ फेब्रुवारीला तिथं छापलेलं असतं 'संत पॉल मिकी आणि सोबती'. पॉल मिकी हे त्या सव्वीसांतलेच एक जपानी जेझुइट, आणि त्यांच्या सोबत्यांमध्येच वसईचे गोन्सालो आहेत.